घरात रोज प्रार्थना होते, पण बोलणं होत नाही, मग करायचं काय?

सलाम ताई,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी मला काय समजलं ते सांगतो, चुकलं असेल तर सांगा. लग्नाला अकरा वर्षं झाली, दोन लेकरं, सासूबाई सोबत, माहेर परभणीकडचं आणि आता राहायला वाळूजला, मिस्टर कंपनीत शिफ्टला. दोघंही नेमानं चर्चला जाता, रात्रीची प्रार्थना चुकत नाही. पण बोलणं म्हणाल तर एक तर भांडण नाहीतर चार-चार दिवस अबोला. तुम्ही एखादा विषय काढला की ते म्हणतात, "पत्नींनो, आपापल्या पतीच्या अधीन असा, वाचलंस ना?" की तुम्ही गप्प. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले प्रार्थना करा. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती माणसानं प्रेमानं बोलायचं म्हणजे नक्की कसं, सगळं गोड मानून घ्यायचं का?

तर ताई, तसं नाही. गोड मानून घेणाऱ्या बायका माझ्यासमोर बसून रडलेल्या मी लई बघितल्यात.

मी २९ वर्षं पाळकी केली, जालना, बीड, परभणी या पट्ट्यात, आणि आता रिटायर झाल्यावर जोडप्यांना घेऊन बसणं एवढंच काम करतो. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, पटलं नाही तर सोडून द्या. आपल्या लोकांच्या घरात शिव्यांनी जेवढं बिघडत नाही तेवढं चांगल्या शब्दांनी बिघडतं. वचन, प्रार्थना, क्षमा, शांती. हेच शब्द समोरच्याचं तोंड बंद करायला वापरले जातात, आणि त्यांच्यासमोर बोलायची सोय नसते, कारण देवाच्या शब्दापुढं काय बोलणार माणूस?

हे मी दुसऱ्यांकडं बघून शिकलो नाही. आमची मिसेस नर्स होती, नाइट करून सकाळी आठच्या सुमाराला घरी यायची. एकदा आली ती खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सांगायला लागली, रात्री वॉर्डात एक बाळ दगावलं होतं, त्याच्या आईनं हिचा हात धरून ठेवला होता वगैरे. मी चहा करत होतो, मला साडेनवाला कमिटीची मीटिंग. तिचं अर्धं सांगून झालं असेल नसेल, मी म्हणलं, "चल, आपण यावर प्रार्थना करू या." आणि डोळे मिटून सुरूच केलं. चांगली प्रार्थना केली हो, आईसाठी, बाळासाठी, डॉक्टरसाठी. आमेन म्हणून डोळे उघडले तर ही उघड्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत उभी, पर्स अजून खांद्यावरच, आणि मागं चहा उतू जाऊन शेगडी भरलेली. ती म्हणाली, "देवाला सगळं आधीच माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगत होते." आणि आत जाऊन झोपली.

बायबलात नीतिसूत्रे १८:१३ मध्ये सरळ लिहिलंय की ऐकून घ्यायच्या आधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे, लाज आणणारी गोष्ट आहे. त्यावर मी त्याच महिन्यात प्रवचन केलेलं होतं.

म्हणून तुमच्या पाळकसाहेबांचा सल्ला चूक आहे असं मी म्हणणार नाही, अपुरा आहे एवढंच. प्रार्थना करा, पण बोलण्याच्या जागी नको, बोलण्याच्या नंतर. आधी पाच मिनिटं ऐका, मग जे ऐकलं तेच प्रार्थनेत ठेवा. आणि प्रार्थनेतून टोमणे मारायचे नाहीत, हे आवर्जून सांगतो कारण हे लई चालतं. "प्रभू, या घरात काही लोकांना तुझ्या वचनाची आठवण राहत नाही, त्यांना नम्र कर..." हे देवाशी बोलणं नाही, डोळे मिटून बायकोशी भांडणं आहे.

आता तुमचा मुख्य मुद्दा, ते अधीन असण्याचं वचन. बायबलातलं इफिसकरांस पत्र, पौलानं लिहिलेलं, अध्याय ५, ओवी २२. तुमचे मिस्टर तिथून सुरू करतात. त्यांना म्हणावं एक ओवी वर जा. २१ मध्ये पौल सगळ्यांनाच सांगतो की ख्रिस्ताचं भय बाळगून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या. आणि गंमत अशी की सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२व्या ओवीला स्वतःचं क्रियापदच नाही, ते वरच्या ओवीतून उसनं घेतलेलं आहे. म्हणजे बायकांना जे सांगितलंय ते आधी दोघांना सांगितलेल्या गोष्टीचाच भाग आहे, त्याला तोडून वेगळं वाचताच येत नाही. पुढं बायकांना तीन ओव्या आहेत आणि नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात मागणी काय, तर ख्रिस्तानं मंडळीसाठी, म्हणजे आपल्या विश्वासणाऱ्यांसाठी, स्वतःला दिलं तसं दे. मी लग्नाआधीच्या क्लासमध्ये नवऱ्या मुलाला विचारतो की बायकोसाठीचं वचन म्हणून दाखव, धडाधड म्हणतो. मग म्हणतो तुझं म्हण. अडकतो. कलस्सै ३:१९ तर कुणालाच पाठ नसतं, तिथं नवऱ्यांना स्पष्ट ताकीद आहे की बायकोशी कठोर वागू नका.

पण थांबा ताई, हे वाचून आज रात्री त्यांना "२१ वाचा, २१ वाचा" म्हणून ऐकवायला जाऊ नका. मग तुमच्या हातातही तीच काठी आली, फक्त दुसऱ्या बाजूनं. आमच्याकडं येणाऱ्या जोडप्यांना मी एक नियम घालतो आणि त्यावर दोघंही चिडतात: भांडण चालू असताना वचन काढायचं नाही. एकही. ज्याला जे वचन आठवलं त्यानं ते आधी स्वतःला लावून बघायचं. येशूनं कुसळ-मुसळाची गोष्ट सांगितली ती हीच की आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ. आपण मराठीत ही म्हण येता-जाता वापरतो, पण आपल्याला नेहमी दुसऱ्याच्याच मुसळाची मापं माहीत असतात. मिस्टरांना ओवी दाखवायचं काम तुमच्या पाळकांना करू द्या, किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला ज्याचं ते ऐकतात.

बरं, मग बोलायचं कसं?

इफिस ४:२९ काढा. मराठी बायबलात तिथं "कुजके भाषण" असा शब्द आहे, तुमच्या तोंडातून कुजके भाषण निघू नये. लहानपणी मला वाटायचं की हे शिव्यांबद्दल आहे. पण कुजकट बोलणं म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. त्याला शिवी लागतच नाही. "हाव, तुम्ही तर लई कमवून आणून टाकायलात." "चर्चमध्ये काय गोड बोलतेस गं, घरीच काय होतं तुला?" "तुझ्या माहेरचं वळणच तसलं." यात एक तरी शिवी आहे का? मूळ ग्रीक शब्दही सडलेल्या फळासाठी, सडक्या मासळीसाठी वापरला जाणारा आहे. आमच्याकडं जालन्याला मोसंबीचा सीझन असला की क्रेटच्या तळाशी एखादं फळ दबून राहतं, वरून सगळा माल झकास दिसतो, आणि दोन दिवसांनी हात घालावा तर खालच्या बाजूची सात-आठ फळं मऊ पडलेली, वर पांढरी-निळी बुरशी. घरातलं कुजकट बोलणं असंच बसतं. त्या दिवशी कुणी काही म्हणत नाही, नवरा हसतो, बायको भाकरी थापत राहते, आणि दोन वर्षांनी कुठल्याशा लग्नात साडीवरून भांडण निघतं आणि सगळ्यांना प्रश्न पडतो की एवढ्याशावरून एवढं कामून?

अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं अनेक वर्षं जोडप्यांना बोलताना बघून अभ्यास केला, त्यांनी घर मोडणाऱ्या चार सवयी काढल्या: माणसावरच टीका, तुच्छता, सतत स्वतःचा बचाव, आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यात तुच्छता सगळ्यात घातक असं त्यांचं म्हणणं. मला हे वाचून नवल वाटलं नाही, पौलाचं कुजकं भाषण आणि हे एकच.

आता एक उदाहरण अगदी जवळून घेऊ, कारण "प्रेमानं बोला" असं नुसतं सांगून काही होत नसतं. समजा तुमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. आला मंगळवारी दुपारी, मिस्टर सेकंड शिफ्टला. तुम्ही एकटीनं मोटर लावली, टाकी, ड्रम, घागरी सगळं भरलं, सासूबाईंचं दुखणं चालू, लेकरांची शाळा. रात्री साडेबाराला ते आले, आल्या आल्या म्हणाले, "पाणी थंड कामून नाही?" आणि तुमच्या तोंडून निघालं, "तुम्हाला काय पडलंय घराचं, तुम्ही आपले पाहुण्यासारखे येता." ते म्हणाले, "मी काय तिकडं मजा मारून आलो का?" झालं, चार दिवस गेले.

त्या एका वाक्यात बघा काय झालं. तुम्हाला सांगायचं होतं पाण्याबद्दल, कंबरेबद्दल. सांगितलं त्यांच्या स्वभावाबद्दल. माणूस स्वभावावर बोललेलं ऐकतच नाही, तो लगेच वकील लावतो स्वतःला. त्याऐवजी, आणि हे रात्री साडेबाराला नाही, दुसऱ्या दिवशी ते जेवून बसल्यावर: "काल नळ आला होता, सगळं मी एकटीनं भरलं, कंबर धरली माझी. पुढच्या बारीला तुम्ही फर्स्ट शिफ्टला असाल तर ड्रम तुम्ही भराल का?" यात काय झालं ते आहे, तुम्हाला काय झालं ते आहे, आणि काय पाहिजे ते आहे. कुणाचा बाप नाही, माहेर नाही, "नेहमी" नाही, "कधीच" नाही. प्रेमानं सत्य बोला असं इफिस ४:१५ म्हणतं, त्यातलं सत्य इथं कुठंही कमी झालेलं नाही, उलट पहिल्या वाक्यात जे सत्य आलंच नव्हतं, कंबर धरल्याचं, ते इथं आलं.

आणि मिस्टरांनी काय करायचं? त्यांनी हे वाचलं तर बरं. लगेच उपाय सांगायचा नाही, लगेच स्वतःची शिफ्ट सांगायची नाही. आधी तिचंच म्हणणं तिला परत सांगायचं, "म्हणजे काल पूर्ण तू एकटीच होतीस, आणि कंबर अजून दुखायली." बस. पुरुषांना हे बावळटपणाचं वाटतं, मला पण वाटायचं. पण आंधळा बार्तीमय रस्त्यावर ओरडत होता, तो आंधळा आहे हे गावाला दिसत होतं, तरी येशूनं त्याला विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? दिसत होतं तरी विचारलं. आपण मात्र अकरा वर्षं झाली म्हणून विचारायचं सोडून देतो, "मला माहीत आहे तू काय म्हणणार ते."

ऐकण्याबद्दल एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी नवीन होतो, आमच्या मंडळीतून दूध, ब्लँकेट घेऊन चौघं-पाच जण गेलो होतो. एका पत्र्याच्या आडोशाला एक माणूस बसला होता, त्याच्या घरातली कितीतरी माणसं गेली होती. आमच्यातल्या एकानं, चांगला माणूस हो, त्याला म्हणलं, "देवाची काहीतरी योजना असते." तो माणूस काही बोलला नाही, उठला आणि पलीकडं जाऊन बसला. आमच्यासोबत एक म्हातारे सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, होते, ते गेले, त्याच्या शेजारी बसले, बिडी ओढू दिली त्याला, एक शब्द नाही. बऱ्याच वेळानं तो माणूसच बोलायला लागला. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी पहिले सात दिवस सात रात्री हेच केलं होतं, जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसून राहिले. सगळ्या पुस्तकात त्यांनी केलेलं तेवढंच चांगलं काम. तोंड उघडलं आणि वाट लावली.

तुम्ही म्हणाल की गप्प बसणं चांगलं तर माझा अबोला पण चांगला. नाही ना ताई, तो वेगळा. म्हाताऱ्यांचं गप्प बसणं दार उघडं ठेवून होतं. अबोला म्हणजे आतून कडी. तीन फुटांवर नवरा बसलेला आणि लेकराला सांगायचं, "पप्पांना सांग, जेवाय वाढलंय." लेकरू पोस्टमन. त्याला काय शिकायला मिळतं ते बघा, की आपल्या घरात राग आला की माणूस गायब होतो. बापांनी लेकरांना चिरडीस आणू नये असं शास्त्रात आहे, पण लेकरं अशा शांततेनंही चिरडीला येतात, हे मी संडे स्कूलच्या पोरांकडं बघून सांगतो.

राग आला तर थांबावं, ते बरोबरच आहे. डोकं तापलेलं असताना, छातीत धडधडत असताना माणसाला ऐकूच येत नाही नीट, गॉटमननीही निदान वीस मिनिटं सुटी घ्यायला सांगितलंय. फक्त थांबताना परत कधी येणार ते सांगून थांबायचं. "मी आत्ता रागात आहे, काहीतरी वाकडं बोलून बसेन, उद्या जेवण झाल्यावर बोलू." आणि उद्या जेवण झाल्यावर खरंच बोलायचं, तिथंच आपण गळपटतो.

इथं तुम्हाला कुणीतरी सूर्य मावळायचं वचन सांगेल, इफिस ४:२६, सूर्य मावळण्याच्या आत राग सोडा. त्या वचनापायी मी कितीतरी जोडपी रात्री एक-एक वाजेपर्यंत भांडताना बघितलीत, की आजच्या आज मिटलंच पाहिजे. अरे पण सूर्य सात वाजताच मावळला की! त्या ओवीतलं पहिलं वाक्य, रागावा पण पाप करू नका, हे पौलानं चौथ्या स्तोत्रातून घेतलंय आणि त्या स्तोत्रात पुढं काय आहे माहीत आहे? अंथरुणावर पडून आपल्या मनाशी विचार करा आणि स्तब्ध राहा. म्हणजे मूळ जागी सल्ला झोपायला जायचा आहे! राग पाळून ठेवायचा नाही एवढाच त्याचा अर्थ मी घेतो, रातोरात निकाल लावायचा असा नाही. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, दोनदा उठवून खाऊ घातलं, मध्ये झोपू दिलं. शिफ्टवरून आलेल्या नवऱ्याशी आणि नाइट करून आलेल्या बायकोशी आधी असंच वागावं.

जुन्या जखमेबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, की पहिल्या बाळंतपणात ते आले नव्हते आणि तो विषय काढला की भडका उडतो. मला वाटतं तुमच्या सगळ्या पत्रात खरी गोष्ट ती आहे, नळाचं पाणी वगैरे वरवरचं. असली गोष्ट कशी काढायची यासाठी मी योहानाचा २१वा अध्याय सांगतो नेहमी. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला ओळखतच नाही म्हणून तीनदा नाकारलं होतं, अंगणात कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा राहून. आता समुद्राकाठी येशूनं काय केलं? पुन्हा कोळशांचाच विस्तव पेटवला, त्यावर मासळी भाजली, भाकर ठेवली, म्हणाला या, न्याहारी करा. नव्या करारात तो कोळशाचा शब्द या दोनच ठिकाणी येतो. पेत्राला तो वास आला असेल की नाही? विषय टाळला नाही. पण आधी खाऊ घातलं, मग विचारलं, आणि विचारलं ते "तू असं कामून केलंस?" असं नाही, विचारलं की माझ्यावर प्रीती करतोस का, तीनदा. पेत्राला वाईट वाटलंच, लिहिलंय तसं. जखमेवरून हात फिरला की दुखणारच.

तर तुम्ही पण "तेव्हा तुम्ही आला नव्हता" असं मागून भिरकावू नका. एखाद्या निवांत दिवशी सांगा की तेव्हा दवाखान्यात दारात पाऊल वाजलं की मी वळून बघायचे, आणि आजही तुम्ही उशीर केला की मला तेच आठवतं. मग थांबा. ते कदाचित सांगतील की तेव्हा ते कुठं अडकले होते, कदाचित सांगणार नाहीत. पण एवढं सांगतो, "सॉरी म्हणलं ना एकदा" यानं ते मिटत नसतं. बायबलातल्या जक्कय जकातदारानं नुसतं सॉरी म्हणलं नाही, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो म्हणला. नवऱ्यानं विचारावं की आता मी काय केलं तर तुला बरं वाटेल.

कुणी म्हणेल ही सगळी आदर्श घरातली गोष्ट. तर आदर्श म्हणून ज्यांची नावं आपण घेतो त्यांचं बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यासोबत नव्हत्या, पुढं काही वर्षं दोघं वेगळी राहिली, मग पुन्हा एक झाली आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याचा तापटपणा, लहरीपणा लक्ष्मीबाईंनी काहीही न लपवता लिहून ठेवलाय, आणि वाचताना आपण हसतो, पण टिळकांची किंमत एका पैशानं कमी होत नाही. दोष सांगायचा आणि माणूस खाली पाडायचा नाही, हे त्या बाईला जमलं. मला अजून नीट जमत नाही.

एक छोटं पण मंडळीतलं. मत्तय १८:१५ म्हणतं भावानं अपराध केला तर आधी एकांतात त्याच्याकडं जा. आपल्याकडं उलटं, आधी महिला मंडळ, मग आईला फोन, मग ग्रुपवर "माझ्या कुटुंबासाठी विशेष प्रार्थना करा, सविस्तर सांगू शकत नाही", आणि ज्याच्याशी भांडण त्याला सगळ्यात शेवटी कळतं, तेही चर्चच्या दारात दुसऱ्याच्या तोंडून. एका माणसाशी बोलायला हरकत नाही, जो पोटात ठेवेल. पण प्रेयर रिक्वेस्ट म्हणून चहाडी करू नका.

आणि हे लई महत्त्वाचं, तुम्ही लिहिलं नाहीत पण विचारतोच. हात उचलतात का? दारू पिऊन वस्तू फेकणं, फोन काढून घेणं, पैसे बंद करणं, बाहेर जाऊ न देणं, असलं काही आहे का? असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा. ते दोघांच्या बोलण्याचं प्रकरण नाही, आणि मार खाऊन गप्प राहणं म्हणजे क्रूस उचलणं नाही. ते क्रूस उचलणंच आहे असं जो पाळक सांगेल त्याचं ऐकू नका, मी स्वतः पाळक असून सांगतो. तेव्हा १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे आणि जिल्ह्यात त्यासाठी संरक्षण अधिकारी असतात. आधी तुम्ही आणि लेकरं सुरक्षित, क्षमेचं मागून बघू. क्षमा करणं आणि परत त्याच खोलीत जाऊन राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तसलं काही नसेल, तर या आठवड्यात एवढंच करा. त्यांची फर्स्ट शिफ्ट कोणत्या आठवड्यात आहे ते बघा, त्यातली एक संध्याकाळ ठरवा, लेकरं ट्यूशनला गेलेली, टीव्ही बंद, फोन आतल्या खोलीत. जमलं तर चहा त्यांना करू द्या. दहा मिनिटं तुम्ही बोलायचं, त्यांनी ऐकून परत सांगायचं, मग दहा मिनिटं ते आणि तुम्ही परत सांगायचं. पहिल्या दिवशी बाळंतपणाचा विषय नको, पाण्याचा घ्या, शाळेच्या फीचा घ्या, सोप्या गोष्टीवर हात बसू द्या. पहिल्या खेपेला दोघांनाही हसू येईल, नाटक वाटेल. आमच्या मिसेसनं तर पहिल्यांदा मला म्हणलं होतं की हे काय पोपटासारखं. वाटू द्या. प्रार्थना त्यानंतर, दोन वाक्यांची, आणि ती तुमच्यासाठी त्यांनी आणि त्यांच्यासाठी तुम्ही, जे ऐकलं तेवढंच.

सासूबाईंचं तुम्ही "त्यांचं तर विचारूच नका" एवढ्यात उरकलंय. विचारतोय. ते सवडीनं वेगळं लिहा, आणि लिहिताना त्या काय बोलतात ते त्यांच्या शब्दांत लिहा, जसं बोलल्या तसं, तुम्हाला त्याचा काय अर्थ लागला ते खाली वेगळ्या ओळीत.